मागचे दोन पाय

पत्र आलं तेव्हा कार्डकाका आंघोळीला गेले होते, त्यामुळे ते आधी काकूंनी वाचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन विचारलं, "अहो, तुम्ही पाय चोरलेत?"

आत पाण्याचा आवाज थांबला.

"कुणाचे?"

"खुर्चीचे. मागचे दोन. पंधरा दिवसांत आणून द्या म्हणतायत. नाहीतर पुढची कारवाई."

कारवाई हा शब्द कार्डकाकांच्या घरात तोवर आला नव्हता. काका अंगाला साबण तसाच ठेवून पंचा गुंडाळून बाहेर आले आणि ओल्या हाताने पत्र वाचू लागले. सार्वजनिक वाचनालयाच्या तपासनीसांचं पत्र होतं. आपण निवृत्तीच्या वेळी नेलेल्या, मोडक्या म्हणून नोंद असलेल्या लोखंडी नळीच्या खुर्चीचे मागील पाय, नग दोन, आपल्या ताब्यात असल्याचा संशय असून, सदर पाय खुर्चीसह समक्ष हजर करावेत. खाली सही. सहीखाली शिक्का. शिक्का उलटा पडला होता, पण त्यामुळे त्याचा धाक काही कमी होत नव्हता.

आता यात गोम अशी, की त्या खुर्चीला मागचे पाय कधी नव्हतेच. आणि त्याहून मोठी गोम अशी, की ते गहाळ आहेत असं सदतीस वर्षं वाचनालयाच्या नोंदवहीत लिहीत आलेला माणूस, अंगावरून साबणाचं पाणी निथळत, हे पत्र हातात धरून उभा होता.

काका वाचनालयात पुस्तकांची कार्डं लिहायचे. लेखक, शीर्षक, पानं, क्रमांक. अक्षर मोत्यासारखं, आवाज मात्र ऐकू येईल न येईल असा. म्हणून हे कार्डकाका. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात हेडक्लार्कनी त्यांना तळघरात नेलं आणि सामानाची जडवही पक्की करायला बसवलं. हेडक्लार्क एकेका वस्तूवर छडी आपटत सांगायचे आणि काका लिहायचे. एका कोपऱ्यात ही खुर्ची होती. पाठीला आणि बैठकीला फाटक्या कापडाच्या पट्ट्या. एकच लांब नळी वाकवत वाकवत केलेली: जमिनीवर नालासारखी टेकलेली, पुढून दोन पाय होऊन वर चढलेली, गुडघ्यापाशी मागे वळून बैठक झालेली आणि मग पुन्हा वर जाऊन पाठ झालेली. बैठकीच्या मागे, खाली, नुसती हवा.

हेडक्लार्कनी त्या हवेत छडी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "लिही. खुर्ची, लोखंडी, नळीची, नग एक. शेरा, मागचे दोन पाय गहाळ. शोध चालू."

काकांनी लिहिलं. त्यांच्या मनात आलं होतं, की मागे पाय तुटल्याची खूण कशी नाही? पण पहिल्या महिन्यात माणूस हेडक्लार्कला खूण विचारत नाही. पुढच्या वर्षीच्या तपासणीत पुन्हा लिहिलं, शोध चालू. त्याच्या पुढच्या वर्षीही. शोध कुणी करत नव्हतं, पण चालू होता.

एकोणिसाव्या वर्षी वाचनालयात फर्निचरच्या इतिहासाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक आलं. कार्ड लिहायला काकांनी ते उघडलं, आणि पान एकशे बाराला तळघरातली खुर्ची त्यांच्याकडे बघत होती. नवी, चकचकीत, मागच्या पायांवाचून. शंभर वर्षांपूर्वी, पुस्तकात लिहिलं होतं, फर्निचर करणाऱ्या एका तरुणाला सायकलचं वाकवलेलं हॅण्डल बघून वाटलं, की स्टीलची नळी अशी वळते तर तिच्या खुर्च्या का होऊ नयेत? दुसऱ्या एकाने गॅसच्या नळाचे तुकडे सांध्यांनी जोडून, मागच्या पायांना रजाच देऊन टाकली. मग ती कल्पना मुळात कुणाची, यावरून माणसं कोर्टात गेली. एवढी भांडणं कशासाठी, तर दोन पाय नसण्यासाठी! माणूस बसला की खुर्ची किंचित झुलते, श्वास घेतल्यासारखी. म्हणून तिला मागचे पाय नको असतात.

काकांनी पुस्तक मिटलं. हेडक्लार्क समोरच बसले होते. काका उठले, त्यांच्या टेबलाशी गेले, आणि म्हणाले, "साहेब, शाई संपलीय."

त्या वर्षी तपासणीत त्यांनी पुन्हा लिहिलं, शोध चालू. हेडक्लार्क गेले, दुसरे आले, तेही गेले. आणखी अठरा वर्षं काका लिहीत राहिले. अज्ञानाने लिहिलेली अठरा आणि माहीत असून लिहिलेली एकोणीस. पहिल्या अठरांचं त्यांना काही वाटत नसे.

म्हणून निवृत्तीच्या दिवशी ग्रंथपालबाईंनी विचारलं, "काका, आठवण म्हणून काय देऊ? घड्याळ?" तेव्हा काका म्हणाले, "ती खुर्ची." आयुष्यात त्यांनी मागून घेतलेली ही पहिली वस्तू. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या आणि स्वभावाने मोकळ्या. त्यांनी भंगार म्हणून पावती फाडली आणि घड्याळही दिलं.

खुर्ची घरी आली तेव्हा इमारतीतली तिन्ही माळ्यांची माणसं जिन्यात जमली. काकूंनी हात कमरेवर ठेवून तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"बाकीची कुठाय?"

"एवढीच आहे."

"सदतीस वर्षं काम केलंत आणि अर्धीच दिली?"

समोरच्या बिऱ्हाडातले पाइपसाहेब चहाचा कप घेऊनच आले. पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नळ टाकलेला माणूस. शहरात जमिनीखाली कुठे कुठला नळ आहे हे झोपेत सांगत, आणि जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीवरही त्यांचं मत तयार असे. त्यांनी खुर्ची ठोकून पाहिली, कान लावला.

"जाडी दीड मिलिमीटर. माल चांगलाय. पण कार्डकाका, स्पष्ट सांगू? भार सगळा मागे आणि आधार सगळा पुढे. हे पडणार."

"शंभर वर्षं नाही पडली."

"तुम्ही कुठे बसला होतात शंभर वर्षं?"

यावर उत्तर होतं, पण ते काकांना नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी सुचलं.

गंज काढायला काकांनी काकूंची व्हिनेगरची बाटली घेतली. ती बाटली लोणच्यासाठी होती, हे त्यांना नंतर कळलं आणि पुढे आठवडाभर कळत राहिलं. गंजाखालून निकेलचा मुलामा दिसायला लागला, पण अंगावर नायटा उठावा तसा. तेव्हा काका खुर्ची घेऊन मुलामावाल्याकडे गेले. गल्लीच्या टोकाला त्यांचा कारखाना. आत आम्लाचा वास, पाण्याचे हौद आणि तारेवर टांगलेले शेकडो नळ, कड्या, मुठी. म्हातारे मुलामावाले पुढे आले, खुर्ची उचलून उजेडात धरली आणि सावकाश फिरवून पाहू लागले.

काका घाईने म्हणाले, "मागचे पाय—"

"नाहीत. दिसतंय की." म्हाताऱ्यांनी अंगठा नळीच्या वळणावरून फिरवला. "हे सायकलचं हॅण्डल आहे. कुणीतरी बसायला केलंय. आयुष्यभर हॅण्डलं चमकवली मी. वळणाला बघा, कुठे चपटी झाली नाहीये. आत वाळू भरून वाकवली असणार. हात होता कुणाचा तरी!"

पान एकशे बारावरची गोष्ट हा माणूस पुस्तक न उघडता वाचत होता. कार्डकाकांनी खुर्ची निर्धास्त मनाने तिथे सोडली, आणि इथेच चुकलं, कारण म्हातारे दुसऱ्या दिवसापासून तापाने आडवे झाले आणि कारखाना जावयाच्या हातात गेला.

आठवड्याने काका गेले तर खुर्ची नाही. जावयाने वही चाळली. "नळीचं स्टँड ना, वाकडं? टॉवेलचं? हॉटेलच्या मालाबरोबर गेलं."

काकांना मग स्टेशनासमोरच्या हॉटेलात जावं लागलं. तिथल्या व्यवस्थापकाला, आपल्या कुठल्यातरी न्हाणीघरात माझी खुर्ची आहे, हे पटवण्यात अर्धा तास गेला. प्रत्येक मजल्यावरचं दार ठोठावताना काका आधी स्वतःच माफी मागत होते. तिसऱ्या मजल्यावर ती सापडली. चंद्रासारखी चमकत होती आणि तिच्या पाठीवर दोन टॉवेल वाळत होते. खोलीतले गृहस्थ दाढीचा फेस तोंडाला लावून म्हणाले, "नेताय? फार सोयीचं होतं हो."

पाठ आणि बैठक राहिली. पुस्तकात लिहिलं होतं, की अशा खुर्च्यांना मेण चोपडून ताणलेल्या सुताचं कापड वापरत, आणि ते इतकं चिवट असे, की त्याला लोखंडी सूत म्हणत. काकांनी बॅगा शिवणाऱ्याला गाठलं. त्याने जाड कॅनव्हास घेतलं, मेण घासलं, खालून दोरीने काचून बांधलं. काम झोकात झालं. फक्त पाठीमागे त्याने एक चेनचा खिसा शिवला होता.

"हा कशाला?"

"मागे एवढी जागा मोकळी, काका. हाताला सोडवेना."

खिसा राहिला.

खुर्ची खिडकीशी मांडली. काका बसले. ती किंचित खाली गेली, किंचित वर आली आणि स्थिर झाली. काका हसले. एकटेच होते, म्हणून थोडं मोठ्याने हसले.

"पडाल हं," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. न बघता.

पुढे महिनाभर जो येई तो हेच म्हणे. दूधवाला दारातून म्हणायचा. इमारतीचे सेक्रेटरी तर लेखी म्हणाले: जिन्यालगतच्या घरात असुरक्षित आसन ठेवल्यास इमारत जबाबदार राहणार नाही. काकूंना तेवढं पुरलं. त्यांना खरंच भीती वाटत होती. या वयात कंबर मोडली तर माणूस उठत नाही, त्यांच्या थोरल्या जावेचं तसंच झालं होतं. त्या पाइपसाहेबांकडे गेल्या. पाइपसाहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही काळजी सोडा."

काका डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. थेंब घातल्यामुळे घरी आले तेव्हा सगळं धूसर दिसत होतं. खुर्चीवर बसले. खुर्ची हलली नाही. पुन्हा बसले. ढिम्म. हाताने मागे चाचपलं, आणि बोटांना गार, जाड, खरखरीत असं काहीतरी लागलं.

पाण्याच्या नळाचे दोन तुकडे. अर्धा इंची. वेल्डिंग करून.

"आता हत्ती बसवा!" पाइपसाहेब दारातून म्हणाले. त्यांचा चेहरा धूसर होता तरी आनंद स्पष्ट दिसत होता. "मीच उभा राहून करून घेतलं. आभार मानू नका, शेजारधर्म आहे."

कार्डकाकांनी आभार मानले नाहीत. त्यांनी माळ्यावरून करवत काढली, खुर्ची खाली अंगणात नेली, उलटी केली आणि कापायला बसले. दुपारची वेळ, एक ते चार आवाज करायचा नाही असा इमारतीचा नियम. सेक्रेटरी गॅलरीत आले आणि म्हणाले, "नियम माहीत आहे ना?" काका म्हणाले, "माहीत आहे," आणि कापत राहिले. सेक्रेटरी पुन्हा आत गेले. नियम मोडणारा माणूस आजवर नेहमी नियम माहीत नव्हता असंच म्हणत आला होता.

पहिला पाय सव्वा तासाने पडला. दुसऱ्याला पाऊण तास लागला, कारण तोवर हात बसला होता. काकूंनी मधे एकदा पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि वर गेल्या. वेल्डिंगच्या जागी निकेलवर दोन काळे डाग राहिले. ते घासून जाईनात.

पाइपसाहेब रागावले नाहीत. तो त्यांचा दोष नव्हे. उलट संध्याकाळी त्यांनी खुर्चीचा फोटो काढला आणि फोनवरून गावभर पाठवला: आमच्या शेजाऱ्यांनी वाचनालयाच्या भंगारातून काय चीज केली बघा. फोटो या फोनवरून त्या फोनवर हिंडत तपासनीसांच्या फोनवर पोचला. भंगारात काढलेली वस्तू एवढी चमकते, याचा अर्थ ती भंगार नव्हती. आणि ती भंगार नव्हती, तर गहाळ पाय गहाळ नव्हते. मग ते गेले कुठे? असा सरळ हिशेब मांडून तपासनीसांनी ते पत्र लिहिलं.

आता काकू पत्र हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, एवढं काय? पाय आहेत की आपल्याकडे. माळ्यावर. ते कापलेले दोन देऊन टाका. त्यांना पाय हवेत, आपल्याला नको आहेत."

काका दचकले. बिनतोड होतं. इतकं बिनतोड, की भीती वाटावी.

"पण ते तिचे नाहीत."

"हे कोणाला माहीत आहे?"

"मला," काका म्हणाले. पण हळू म्हणाले, आणि काकूंनी पाय पिशवीत घालून पाइपसाहेबांच्या हाती दिले.

सुनावणीच्या दिवशी खुर्ची बसमध्ये न्यावी लागली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उभं राहा नाहीतर सीटवर बसा. स्वतःची सीट घरून आणायची नाही." सगळी बस हसली. एरवी काका पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेले असते. त्या दिवशी उतरले नाहीत. खुर्ची पोटाशी धरून मागच्या दारापाशी उभे राहिले. पाइपसाहेब पिशवी सांभाळत शेजारी.

वाचनालयाच्या कार्यालयात तपासनीस येऊन बसले होते. भरदार अंगाचे गृहस्थ. त्यांना दिलेली लाकडी खुर्ची एका पायाने आखूड होती. खाली कागदाची घडी घातली होती, तरी ते प्रत्येक वाक्याला डावीकडे कलत होते. ग्रंथपालबाई टेबलाच्या कडेला अवघडून उभ्या. मधोमध ती जडवही, उघडी. काकांनी लांबूनच आपलं अक्षर ओळखलं.

तपासनीसांनी खुर्ची उलटी करायला लावली आणि त्यांचे डोळे चमकले. "हे काळे डाग कसले?"

"वेल्डिंगचे," काका म्हणाले. खोटं त्यांना पटकन सुचत नसे.

"म्हणजे इथे पाय होते!"

"होते, पण काही तासच. म्हणजे नंतरचे. आधी—"

"आणि ते काढले कुणी?"

"मी. करवतीने."

तपासनीसांनी बाईंकडे असं पाहिलं, की आता आणखी पुरावा तो काय हवा. नेमक्या त्याच क्षणी पाइपसाहेब, मित्राला वाचवायला, पुढे सरसावले आणि पिशवी टेबलावर ओतली. दोन नळ खणखणत वहीवर पडले.

"हे घ्या तुमचे पाय. विषय संपवा."

तपासनीसांनी ते उचलून पाहिले. सदतीस वर्षांचा शोध त्यांच्या कारकिर्दीत संपत होता. चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलं. "हेच ते. लिहा बाई. पाय, लोखंडी, नग दोन, जमा." बाईंनी लिहिलं. तपासनीसांनी लगेच शिक्का मारला. या वेळी सुलटा.

"आता तुम्ही एवढं लिहून द्या, की खुर्ची मागचे पाय तुटल्यामुळे बसण्यास अयोग्य आहे, आणि घेऊन जा घरी. संपलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता. लाकडी खुर्ची फारच कलत होती म्हणून ते उठले, आणि बोलता बोलता जवळ जी होती ती ओढून तिच्यावर बसले, वही मांडीवर घेतली आणि स्वतःच मसुदा लिहायला लागले. "सदर खुर्ची... मागील आधार नसल्याने... बसणारा इसम पडण्याचा धोका..."

खुर्ची त्यांच्याखाली किंचित खाली गेली, किंचित वर आली आणि स्थिर झाली. तपासनीस मागे रेलले. कंबर सैल सोडली. लिहिता लिहिता त्यांचं एक पाऊल सावकाश हलायला लागलं.

पाइपसाहेब डोळे विस्फारून नळीच्या वळणाकडे बघत होते, आता मोडेल मग मोडेल. ती मोडली नाही.

ग्रंथपालबाई काकांच्या कानाशी आल्या. "काका, सही करून टाका. आपल्याला खुर्चीशी मतलब ना? मोडकी म्हणून ती तुमची आहे. धड आहे म्हणालात, तर भंगाराची पावती रद्द. मग ती वाचनालयाची. मला काही करता येणार नाही."

काकांनी मसुद्याकडे पाहिलं. त्यात काही नवं नव्हतं. हेच वाक्य ते सदतीस वेळा लिहून बसले होते; अडतिसाव्यांदा लिहिलं की खिडकीशी बसायला मिळणार होतं. आयुष्यभर, प्रत्येक टेबलासमोर, त्यांनी हेच केलं होतं. साहेब, शाई संपलीय.

त्यांना भीती वाटत होती. त्यांनी स्वतःची फसवणूक केली नाही. पण त्या भीतीसकट ते पुढे झाले.

"साहेब, आपण तिच्यावरच बसला आहात."

"कुणावर?"

"बसण्यास अयोग्य खुर्चीवर. सव्वादहापासून."

तपासनीसांनी खाली पाहिलं. दचकून उठले. उठताना खुर्चीने त्यांना मागून हलकासा हात दिल्यासारखं केलं. मग ते कलत्या खुर्चीत जाऊन बसले, डावीकडे कलले आणि करड्या आवाजात म्हणाले, "तो प्रश्न नाही. वहीत काय आहे हा प्रश्न आहे. वहीत पाय गहाळ आहेत."

"वही चुकीची आहे."

"वही चुकीची कशी असेल?"

"कारण ती मी लिहिलीय," कार्डकाका म्हणाले, आणि आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. वाचनकक्षातल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. "पहिली अठरा वर्षं मला कळलं नव्हतं. पुढची एकोणीस मी घाबरलो होतो. हिला मागचे पाय नव्हतेच. कुणी तोडले नाहीत, कुणी चोरले नाहीत, कुणी शोधलेही नाहीत. हिच्यात काही कमी नाहीये. ही अशीच पूर्ण आहे."

"काका, बसा जरा," बाई म्हणाल्या.

"नाही. नियम चौदा. जडवहीतल्या नोंदीची दुरुस्ती, ज्याच्या अक्षरात नोंद असेल त्यानेच, लाल शाईने, पूर्ण सहीनिशी करावी. लाल पेन द्या."

"तुम्ही निवृत्त झालात!" तपासनीस म्हणाले.

"अक्षर निवृत्त होत नाही, साहेब."

तपासनीसांनी नियमांचं पुस्तक मागवलं. नियम चौदा वाचला. पान उलटून तो पुढे कुठे बदलतो का पाहिलं. नियमात निवृत्तीचा उल्लेखच नव्हता, आणि ते पुस्तकही हाताने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलेलं होतं. लाल पेन मात्र कार्यालयात सापडेना. तेव्हा काकांनी खुर्चीच्या पाठीमागे हात घातला, बॅगवाल्याच्या खिशाची चेन उघडली आणि आतून स्वतःचं काढलं. घरून निघताना ते का ठेवलं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

त्यांनी सदतीसही शेऱ्यांवर एकेक रेघ ओढली. घाई केली नाही. मग शेवटच्या ओळीखाली लिहिलं: मागचे पाय गहाळ नाहीत. मुळात नव्हतेच. खुर्ची सुस्थितीत. शोध बंद. आणि पूर्ण सही केली.

भंगाराची पावती तिथल्या तिथे रद्द झाली. सुस्थितीतली खुर्ची घरी नेता येत नाही. काका आणि पाइपसाहेब मोकळ्या हातांनी बसने परतले. पाइपसाहेब उतरताना म्हणाले, "दीड मिलिमीटरमध्ये. कमाल आहे." त्यांच्याकडून एवढी शरणागती पुष्कळ झाली.

काकूंनी खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे खरं बोललात आणि खुर्ची घालवलीत."

"हो."

"जेवायला बसा," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी वाढताना त्यांचा हात जरा सैल होता.

एक भानगड मात्र वाचनालयाला निस्तरता आलेली नाही. त्या दोन नळांवर जमा म्हणून शिक्का बसलेला; शिक्का बसलेली वस्तू वहीतून काढता येत नाही. खुर्चीला तर पायच लागत नाहीत. तेव्हा तपासनीसांनी विचार करून नवी नोंद घातली. पाय, लोखंडी, नग दोन. शेरा, यांची खुर्ची गहाळ. शोध चालू. नळ तळघरात, चिठ्ठी बांधून, त्याच कोपऱ्यात उभे आहेत.

आणि सुस्थितीतलं सामान वाचकांसाठी मांडावं, असाही एक नियम आहे. तो सतरावा. वाचनकक्ष आठला उघडतो. कार्डकाका पावणेआठला पायरीवर उभे असतात, हातात सभासदाचं कार्ड. आत गेले की सरळ खिडकीशी. शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचणारे एक गृहस्थ नवे आहेत. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. परवा त्यांनी त्या खुर्चीकडे वाकून पाहिलं, मागची हवा पाहिली आणि काळजीने म्हणाले, "अहो, सांभाळून. पडाल हं."

काकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, मागे रेलले आणि त्यांच्याकडे बघत आपलेही दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.